सातवा महिना, हिमोग्लोबिन ९.२ आणि घरात तीळ बंद

रामबागची सून (इंदूर), १६ जानेवारी २०२६

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मला सातवा चालू आहे, पहिलंच. माहेर देवासचं, सासर इंदुरात रामबागेत. परवा संक्रांत झाली. सासूबाईंनी हौसेनं काळी साडी आणली, हलव्याचे दागिने मापानं करवून घेतले. कमरपट्टा तर दोनदा वाढवावा लागला. हळदीकुंकवाला पस्तीस-चाळीस बायका आल्या. प्रत्येक जण 'गोड बोला' म्हणत माझ्या हातावर वडी ठेवायची, आणि ती पुढच्या पाटाकडे वळली की सासूबाई हळूच येऊन वडी उचलून डब्यात टाकायच्या. तीळ उष्ण, सातव्यात तर अजिबात नाही. संध्याकाळभर हातावर नुसता तुपाचा ओशटपणा. रात्री दागिने उतरवताना हाराचे चार दाणे तोडून खाल्ले, ते आज इथे पहिल्यांदाच कबूल करतेय.

तीळ एकटेच नाहीत हो. पपई तिसऱ्या महिन्यापासून घरातच येत नाही, सासऱ्यांनाही मिळत नाही. बाजरी उष्ण, वांगं उष्ण, गूळ जास्त झाला की उष्ण. काकडी, ताक, पेरू थंड. केळं चालतं पण जोडकेळं नको, जुळी होतील. अंडं आमच्या घरात शिरत नाही (नवरा बाहेर खातो, ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही). सकाळी केशराचं दूध मात्र न चुकता, बाळ गोरं व्हावं म्हणून.

पाचव्या महिन्यापर्यंत 'दोन जिवांची आहेस, खा' असं चाललं होतं. आता उलटं. रात्रीच्या दोन पोळ्यांवरून दीडवर आणलंय, नवव्यात एकीवर येणार म्हणे. बाळ पोटात फार मोठं झालं तर बाळंतपण अडतं, मग सिझर.

नोव्हेंबरमध्ये हिमोग्लोबिन १०.१ होतं, सोमवारी ९.२ निघालं. डॉक्टरबाई चिडल्या, 'गोळ्या घेतेस का?' म्हणाल्या. घेते, म्हणजे आठवड्यातून तीन-चारदा, पोहे-चहा झाल्यावर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदमच. रोज घेत नाही त्याचं कारण सांगायला लाज वाटते. गोळी सुरू केल्यावर शौचाला काळं व्हायला लागलं. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या एकीनं सांगितलं, बघ, आत सगळं काळं होतंय, बाळही तसंच होणार. मी बीकॉम आहे, तरी दोन दिवस गोळी घशाखाली उतरली नाही.

सप्टेंबरमध्ये, ७ तारखेला चंद्रग्रहण होतं ना, तेव्हा मला नववा आठवडा. दुपारी एकपासून वेध, रात्री दीडला मोक्ष. साडेबारा तास पोटात काही नाही, त्यात उलट्यांचे दिवस. बाथरूममध्ये जाऊन पर्समधली दोन बिस्किटं खाल्ली, तीही ओकले. आता ३ मार्चला पुन्हा ग्रहण आहे, तेव्हा मला आठवा संपत आलेला असेल.

डोहाळे म्हणाल तर गराडू (आमच्याकडे थंडीत तळून मिळणारा कंद), आणि हसू नका, कच्चे तांदूळ. निवडताना मूठभर कधी तोंडात जातात कळतच नाही.

सासूबाई वाईट नाहीत. रोज रात्री माझ्या पायांना तेल लावतात, नको म्हटलं तरी. म्हणूनच भांडायचं नाहीये. यातलं काय खरं, काय सोडून द्यायचं आणि मुख्य म्हणजे घरात सांगायचं कसं, ते सांगा.

---

छप्पनकर, १६ जानेवारी

वहिनी, गराडूचं औषध सोपं आहे. नवऱ्याला सांगा, रात्री दहानंतर सराफ्यातल्या खाऊगल्लीत घेऊन जा म्हणावं. थंडीतच मिळतात, मार्चमध्ये रडत बसाल. वर जीरावन मसाला जास्त घालायला लावा.

---

रामबागची सून, १६ जानेवारी

तळलेलं आणि रात्रीचं आणि बाहेरचं, तिन्ही एकदम! पण नवऱ्याला दाखवलं हे.

---

ग्वाल्हेरची सिस्टर, १७ जानेवारी

पोरी, मी ३१ वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात काढली, आता इथे लष्कर भागात घरी नातवंडं सांभाळते. तुझं सगळं दोनदा वाचलं. तू पपईवर आणि तिळावर ओळीच्या ओळी लिहिल्यास, आणि ज्या ओळीनं मला चष्मा लावायला लावला ती शेवटी हसण्यावारी नेलीस. कच्चे तांदूळ. अगं, ते डोहाळे नव्हेत. तांदूळ, खडू, पाटीची पेन्सिल, भिंतीची माती, बर्फ यांची अशी ओढ लागली की आम्ही वॉर्डात आधी पापणी खाली ओढून रंग बघायचो. बहुतेक वेळा अंगात लोह कमी असतं. रक्त भरत आलं की ती ओढ आपोआप जाते. डॉक्टरबाईंना हे सांगितलंस का? नसशील. कोणीच सांगत नाही.

गरोदरपणात रक्तातलं पाणी दीडपटीच्या आसपास वाढतं, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. म्हणूनच एरवी बाईला १२ लागतं तिथे गरोदर बाईला ११ पर्यंत चालवून घेतात. पण ९.२ म्हणजे खरंच कमी. तू एकटी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला होता. निम्म्याहून जास्त!

आता गोळी. शौचाला काळं होतं कारण गोळीतलं सगळं लोह अंगी लागत नाही, उरलेलं बाहेर पडतं. बाळ आतड्यात नसतं गं, गर्भाशयात असतं. त्या भजनी मंडळवाल्या बाईंना एवढंच सांग. रंग यायचा तो आईबापांकडून येतो, केशरानं उजळत नाही आणि लोहानं काळवंडत नाही. केशराचं दूध पी खुशाल, दूध चांगलंच आहे.

पण गोळी तू घेतेस तशी घेतली तर अर्धी वाया. चहा लोहाला धरून ठेवतो. कॅल्शियमही आड येतं. सकाळी पोहे-चहा-कॅल्शियम-लोह असं एकत्र म्हणजे तिघांनी मिळून एकाला दारातच अडवल्यासारखं. लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी घे, वर लिंबूपाणी नाहीतर आवळा. चहा तिच्यापासून लांब. कॅल्शियम सकाळी आणि रात्री जेवणाबरोबर. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तुझ्यासारखा आकडा असेल तर दिवसाला दोन देतात. पण ते तुझ्या डॉक्टरबाई ठरवतील, आपल्या मनानं दोन घेऊ नकोस. जंताची गोळी झाली का तेही विचार. नीट गोळ्या घेऊन महिन्याभरात एक ग्रॅमही चढलं नाही तर सलाइनमधून लोह देतात, घाबरायचं नाही.

पोळी कमी करायचं मात्र आजच बंद. आमच्या लहानपणी हे सगळीकडे होतं आणि त्यामागे वेड नव्हतं. घरी सुईण, अडलं तर बैलगाडी. मोठं मूल म्हणजे आईच्या जिवाला धोका, मग बायकांनी आपल्या परीनं उपाय काढला. आता तुझ्या घरापासून ऑपरेशनचं टेबल वीस मिनिटांवर आहे. सातव्यात बाळ किलोभर असतं, नववा भरेपर्यंत पावणेतीन-तीनचं होतं. म्हणजे भरायचं ते आत्ताच भरतं, आणि पुढच्या काही महिन्यांचं लोहही ते याच दिवसांत आईकडून घेऊन ठेवतं. अडीच किलोच्या खालची मुलं मी पेटीत ठेवलीत. आई बाहेर काचेला हात लावून उभी.

हिवाळा आहे, मेथी, चाकवत, पालक मुबलक. भाजलेले चणे, मसूर, चवळी, मोड आलेले मूग. भाजी लोखंडी कढईत कर. पोह्यांवर तुम्ही इंदूरवाले लिंबू पिळताच, चांगली सवय आहे. पेरू थंड म्हणून बंद, म्हणजे जेवणातलं लोह आत नेणारं फळच बंद केलंत की!

तीळ: संक्रांतीच्या दोन वड्यांनी कोणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

आता एक वेगळंच विचारते. पपईची भीती सगळ्या घरांत असते, पण तिळासाठी हातावरची वडी उचलणारी सासू मी कमी पाहिली. त्यांच्या स्वतःच्या वेळी काही झालं होतं का? विचारून बघ. वाद घालायला नाही, पायाला तेल लावत असतील तेव्हा.

---

बडोद्याची मामी, १७ जानेवारी

सिस्टरांनी पपई मामुली करून टाकली, म्हणून लिहिते. आमच्या बडोद्यात रविवारी सकाळी फाफडा-जलेबी, आणि फाफड्याबरोबर काय? कच्च्या पपईचा संभारो. किसायचा, मोहरी-हिंग-हिरवी मिरचीवर अर्धा कच्चा परतायचा. मी दांडियाबाजारात सून म्हणून आले आणि चौथ्या महिन्यात शेजारच्या बेननं प्रेमानं वाटीभर दिला. माझ्या आजेसासूबाईंनी वाटी हातातून घेतली ती सरळ गाईला. मी रुसले होते तेव्हा.

पुढे मुलीच्या वेळी नीट वाचलं. कच्च्या पपईचा तो पांढरा चीक असतो ना, त्याला भ्यायचं. २००२ साली उंदरांवरचा एक अभ्यास छापून आला होता. त्यात चिकानं गर्भाशय आकुंचन पावलं, पिकलेल्या पपईच्या रसानं नाही. म्हणजे आजेसासूबाई निम्म्या बरोबर होत्या. कच्ची आणि अर्धकच्ची नकोच. पूर्ण पिकलेल्या फोडीनं आभाळ कोसळत नाही, पण घरात एवढी धास्ती असेल तर राहू दे बापडी, नऊ महिने पपई नसली तर काय अडतं? जीवनसत्त्वं पेरूतही आहेत. सगळ्याच आघाड्यांवर लढू नकोस, पोळी आणि गोळी या दोन जिंक.

आणि साखरेची तपासणी केलीस का? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर गेलं तर गरोदरपणातला मधुमेह. २४ ते २८ आठवड्यांत करतातच, तू त्यातच आहेस. माझ्या भाचीला 'दोन जिवांचं' म्हणून तूप-साखर, शिरा, लाडू असं भरवलं आणि तिचं १७८ निघालं. खायचं म्हणजे गोड नव्हे.

---

जुनं ते सोनं, १८ जानेवारी

आमच्या आजीनं हे सगळं पाळलं, ग्रहणं पाळली, गोळ्या पाहिल्यासुद्धा नाहीत. अकरा बाळंतपणं घरात. आजकालच्या मुलींना सगळ्याचा बाऊ.

---

ग्वाल्हेरची सिस्टर, १८ जानेवारी

अकरांपैकी किती मोठी झाली तेही लिहा ना.

---

जुनं ते सोनं, १८ जानेवारी

सहा. पण तो काळ वेगळा होता.

---

पंचांगवाले काका (लोकमान्य नगर), १९ जानेवारी

सूनबाई, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा माणूस आहे असं धरून चाला. घरी रोज पंचांग वाचतो, ग्रहणही पाळतो. म्हणूनच सांगतो, ७ सप्टेंबरला तुम्हाला साडेबारा तास उपाशी ठेवलं ते पंचांगात बसत नाही. ग्रहणाच्या माहितीखाली बारीक टायपात छापलेलं असतं, की बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधात सवलत. लोक मोठा टाइप वाचतात आणि पंचांग मिटतात. ३ मार्चचं ग्रस्तोदित आहे, म्हणजे आपल्याकडे चंद्र ग्रहण लागलेलाच उगवेल आणि थोड्याच वेळात, पावणेसातच्या सुमारास, सुटेल. वेध सकाळपासूनच, त्यामुळे सवलत वाचली नाही तर दिवसभर उपास घडेल. पंचांग सासूबाईंच्याच हातात द्या आणि त्यांनाच वाचायला लावा. तुम्ही वाचून दाखवू नका.

दुसरं. डोहाळे हा शब्द दोहद वरून आला. सुश्रुतानं चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची, दौर्हृदिनी म्हटलं आहे आणि तिच्या इच्छा पुरवा असं बजावलं आहे. चरकानं तर महिन्यागणिक दूध, लोणी, तूप सांगितलंय. शास्त्र खाऊ घाला म्हणतं. पोळी अर्धी करा असं कुठल्या ऋषीनं लिहिलंय ते मला दाखवा.

(कच्च्या तांदळांना मात्र हे लागू नाही, ते सिस्टर सांगतात तसंच.)

---

रामबागची सून, २९ जानेवारी

उशीर झाला उत्तर द्यायला. सिस्टर, तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. तेल लावत होत्या तेव्हा.

माझ्या नवऱ्याच्या आधी एक मुलगी होती. १९८९ ची संक्रांत, सासूबाईंना सातवा. गल्लीत पाच घरी हळदीकुंकू झालं, प्रत्येक घरची वडी त्यांनी आवडीनं खाल्ली. चौथ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. मुलगी झाली ती गेलेलीच. त्यांच्या सासूनं दवाखान्याच्या व्हरांड्यातच म्हटलं, 'जिभेनं मूल खाल्लंस.' माझ्या नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. मला सांगताना त्यांचा हात थांबला नाही, तेल लावतच होत्या, फक्त एकाच घोट्याला.

मला काय बोलावं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पुढच्या तपासणीला तुम्ही चला माझ्याबरोबर. तयार झाल्या.

काल गेलो. माझं बीपी वगैरे झाल्यावर त्यांनीच विचारलं, 'तिळानं जातं का हो मूल?' डॉक्टरबाई आधी पटकन 'नाही' म्हणाल्या, मग त्यांच्याकडे नीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं. तेव्हा अंगावर सूज होती का? होती, चेहऱ्यावरही, बांगड्या निघत नव्हत्या. डोकं दुखायचं? खूप, आणि डोळ्यांपुढे काजवे. बीपी कोणी बघितलं होतं? सासूबाई म्हणाल्या, 'तेव्हा कोण बघायचं?' डॉक्टरबाई म्हणाल्या, आता खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही, पण हे सगळं बीपी वाढल्याचं लक्षण आहे, तिळाचं नाही. आणि खाण्यानं झालेलं नाही, हे दोनदा म्हणाल्या.

रिक्षात जेल रोडपर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाल्या, 'भाजीबाजारात थांबव, मेथी घेऊ.'

---

ग्वाल्हेरची सिस्टर, २९ जानेवारी

वाचलं. आता काही लिहीत नाही. तुझं बीपी दर खेपेला लिहून ठेव, आणि चेहरा सुजला, डोकं ठणकलं, काजवे दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं.

---

रामबागची सून, ६ मार्च

हिमोग्लोबिन १०.४. साखर ठीक आहे, बीपी ठीक आहे. लोहाची गोळी आता सासूबाईच देतात, दुपारी तीनला, लिंबूपाण्याच्या पेल्यासकट. रिकाम्या पट्ट्या चौकोनी डब्यात जमवल्यात, मोजायला. तांदूळ निवडायचं काम माझ्याकडून काढून घेतलं होतं. गेल्या आठवड्यात परत दिलं आणि शेजारीच बसून राहिल्या. मला खावेसेच वाटले नाहीत, मीच चकित झाले.

ग्रहणाच्या दिवशी साडेअकराला माझं ताट वाढलं, वरण-भात-मेथी, दोन पोळ्या. भजनी मंडळातल्या त्याच बाई नेमक्या आल्या होत्या, होळीचं काहीतरी द्यायला. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, 'बारीक टाइप वाचत जा गं कधी.' काका, तुमचंच वाक्य. तुम्हाला श्रेय मिळालं नाही, माफ करा.

सुरी मात्र त्या दिवशी मला हातात धरू दिली नाही, आणि पपई अजून घरात आलेली नाही. सासरे दोनदा विचारून गेले.

सिस्टर, एक राहिलं. हळिवाचे लाडू बाळंतपणानंतर लगेच सुरू करायचे की दहा दिवसांनी? सासूबाई विचारतायत, शेजारीच बसल्यात.